पूर ओसरल्यावर उठलेली टाकी

पार्श्वभूमी

"महापुरात कमरेएवढं पाणी होतं तेव्हा टाकी जागची हलली नाही. पाणी गेलं, आम्ही ती धुतली, आणि मग ती उठली. हे कसं काय, सांगा बघू."

सोसायटीच्या चेअरमनकाकांनी हा प्रश्न मला ऑगस्ट २०२१ मध्ये, रात्री साडेदहाला, बॅटरीच्या उजेडात विचारला. त्यावेळी मी नीट उत्तर दिलं नाही. एक तर पाय चिखलात होते, आणि दुसरं म्हणजे टाकी उपसायला "घ्या की उपसून" असं मीच दुपारी फोनवर सांगितलं होतं. पुढचं सगळं त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून वसाहतीचं नाव दिलेलं नाही आणि मापं थोडी गोलाकार केली आहेत. हिशेब मात्र त्याच मापांवर केलेला आहे.

कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूच्या एका सखल वसाहतीतली ही आठ फ्लॅटची इमारत. जमीन काळी, चिकट. अंगणात पार्किंगच्या कडेला जमिनीतली काँक्रीटची टाकी. आतून चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद, दोन मीटर खोल, म्हणजे काठोकाठ भरली तर वीस हजार लिटर. भिंती १५ सेंटिमीटरच्या, तळ २० चा, वरचा स्लॅब १५ चा आणि तो जमिनीच्या पातळीत. नळाचं पाणी त्यात येतं आणि मोटरनं गच्चीवर चढतं. आपल्याकडं घरटी असते तशीच.

जुलै २०२१ च्या पुरात अंगणात कमरेएवढं पाणी आलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला पाठ असतात. त्या दिवसांत सगळ्यांचे डोळे त्या पट्टीवर होते. लोक वेळेत बाहेर पडले, सामान वर नेलं, माणसाला काही झालं नाही. पुराचं पाणी झाकणातून टाकीत शिरलं आणि ती गढूळ पाण्यानं भरून गेली. कोणी लक्ष दिलं नाही, द्यायचं कारणही नव्हतं.

अडचण

आठवडाभरानं नदी पात्रात गेली. लोक परतले, भिंतींवर चिखलाची रेघ, जिन्यात वास. तळमजल्यावरच्या काकींच्या घरी लहान नातू. टाकी स्वच्छ झाल्याशिवाय त्याला आणणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पुराचं पाणी म्हणजे गटारांचं पाणी, ते पिण्याच्या टाकीत ठेवून भागत नाही.

सेक्रेटरींनी मला फोन केला. मी दुसऱ्या साइटवर स्लॅबच्या गडबडीत होतो.

"सर, टाकी उपसून धुवून घेतो, चालेल ना?"

"घ्या की. ब्लीचिंग टाका भरपूर. आणि आत माणूस एकटा उतरवू नका, झाकण आधी तासभर उघडं ठेवा."

संभाषण वीस सेकंदांचं. बंद टाकीतल्या गॅसचं सांगायचं सुचलं, जमिनीतल्या पाण्याचं सुचलं नाही. बाहेर पाणी किती आहे, हे मी विचारलंच नाही. शेजारच्या वाड्यात जुना आड आहे, टाकीपासून चाळीसेक फुटांवर. त्यात त्या दिवशी पाणी जमिनीपासून जेमतेम एक फूट खाली होतं. कोणी वाकून बघितलं असतं तर एवढं लिहायची वेळ आली नसती.

संध्याकाळी साडेपाचला चिखलपंप लावला. आठपर्यंत पाणी संपत आलं. उरलेलं पोरांनी घमेल्यांनी आणि झाडूनं काढलं, अगदी तळ खरडून. साडेनऊच्या सुमारास अंगणात "धप्प" असा दबका आवाज झाला. वॉचमनला वाटलं कंपाउंडची भिंत पडली. बाहेर येऊन बघतो तर टाकीभोवतीची फरशी उखडलेली, टाकीचा स्लॅब एका कोपऱ्यात जमिनीवर आलेला, मोटरचा पाइप वाकलेला आणि नळाचा पाइप तुटून भळाभळा वाहतोय.

गवंडी रात्रीच आला. वीस वर्षं काँक्रीट ओतणारा माणूस. त्यानं स्लॅबवर पाय आपटून बघितला आणि म्हणाला, "साहेब, ह्ये काँक्रीट हाय. वीस टनाचा ठोकळा. त्यो काय तरंगतोय व्हय?"

वीस टनाचा अंदाज त्यानं डोळ्यानं बांधला होता. नंतर मी गणित केलं तर २०.७ निघालं.

टाकी का उठली

पाणी ज्या वस्तूला चिकटून उभं असतं तिला ते सगळ्या बाजूंनी ढकलतं, वरच्या दिशेनंही. किती जोरानं ढकलणार हे फक्त खोलीवर ठरतं. एक मीटर खोलीला दर चौरस मीटरमागं एक टन, दोन मीटरला दोन टन. आजूबाजूला तळं आहे की बोटभर फट, याचा त्या आकड्याशी संबंध नाही.

हेच लोकांना पटत नाही. "खाली असून असून पाणी किती असणार, चिखल तर आहे," असं मला तिघांनी सांगितलं. एक स्टीलचा डबा घ्या आणि तो जेमतेम मावेल अशा पातेल्यात ठेवा. मधल्या फटीत पाणी ओतत जा. कपभर पाण्यात डबा तळापासून सुटतो. डब्याचं वजन त्या कपभर पाण्यापेक्षा जास्त असलं तरी सुटतो. मी हे काकींच्या स्वयंपाकघरात करून दाखवलं, तेव्हा चेअरमनकाका पहिल्यांदा गप्प झाले.

आता टाकीचा हिशेब. बाहेरून ती ४.३ मीटर बाय २.८ मीटर, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ साधारण १२ चौरस मीटर. एकूण उंची २.३५ मीटर. जमिनीतलं पाणी वरून ३० सेंटिमीटर खाली, म्हणजे तळाच्या खालच्या बाजूपासून २.०५ मीटर उंच. तळावर वरच्या दिशेनं दाब दर चौरस मीटरला २.०५ टन. गुणाकार केला की २४.७ टन. भिंतींवरचा दाब समोरासमोर कटतो, वरचा स्लॅब पाण्याबाहेर. म्हणजे २४.७ टन वर आणि टाकीचं वजन २०.७ टन खाली. चार टनांची तूट. आर्किमिडीजच्या नियमानं, बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनावरून केलं तरी हाच आकडा येतो, कारण गोष्ट एकच आहे.

लोखंडाची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, गुऱ्हाळात चुलाण्यावर बसते तेव्हा ती उचलायला माणसं लागतात. तीच काहील पुरात नदीकाठच्या गावात होडीसारखी वापरतात. लोखंड तरंगत नाही, काहील तरंगते. गवंड्याला मी हेच सांगितलं, कारण तो मूळचा करवीर तालुक्यातल्या गावचा आणि लहानपणी काहिलीत बसलेला. तो हसला आणि म्हणाला, "म्हंजे आमी काहीलच बांधली की, झाकणाची."

मग चेअरमनकाकांचा प्रश्न. पुरात टाकी पूर्ण बुडालेली होती, वर ढकलणारं बल २८.३ टन, म्हणजे आणखी जास्त. पण आत वीस टन पाणी होतं. काँक्रीटसकट ४०.७ टन. ती हलण्याचा प्रश्नच नव्हता. जे घाण पाणी सगळ्यांना नकोसं झालं होतं, तेच टाकीला धरून बसलं होतं. आम्ही तो धरणारा हात काढून घेतला.

टाकीच्या आतल्या तळाचं क्षेत्रफळ दहा चौरस मीटर, त्यामुळं दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक टन. चार टनांची तूट भरायला ४० सेंटिमीटर पाणी पुरेसं होतं. दोन फूट गढूळ पाणी आत राहू दिलं असतं तर टाकी जागेवर राहिली असती. सगळा घोळ त्या शेवटच्या दोन फुटांत झाला, जे पोरांनी एवढी मेहनत घेऊन घमेल्यानं काढलं.

पाणी आठला संपलं, टाकी साडेनऊला उठली. मधला दीड तास तिला बाजूच्या भरावाच्या घर्षणानं धरून ठेवलं असावं. तो भरावही धड नव्हता: सैल मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा. काळ्या मातीत खणलेला खड्डा म्हणजे एक भांडं. चिकणमाती पाणी लवकर सोडत नाही आणि आतल्या मुरुमात ते मोकळं फिरतं. टाकी त्या भांड्यात बसलेली. नदी उतरली तरी भांडं भरलेलंच.

बारा वर्षांपूर्वीचा एक निर्णय

दुसऱ्या दिवशी चेअरमनकाकांनी फाइलमधून जुन्या नकाशाची झेरॉक्स काढली. ती बघून मला वाईट वाटलं. मूळ नकाशात टाकीचा तळ चारही बाजूंनी ४५ सेंटिमीटर बाहेर काढलेला होता. त्या बाहेरच्या पट्टीवर माती बसते आणि टाकी उठायला गेली तर तिला ती सगळी माती सोबत उचलावी लागते. मी आकडे घातले: पाण्यात बुडालेल्या मातीचं वजन घनमीटरला ०.९ टन धरूनही पट्टी आणि मातीमुळं सोळा टनांच्या आसपास जादा वजन मिळतं. म्हणजे टाकी रिकामी आणि पाणी अगदी जमिनीपर्यंत आलं तरी उचलणाऱ्या बलाच्या १.३ पट वजन. आम्ही किमान १.२ पट धरतो.

जागेवर ती पट्टी कापली गेली. एका बाजूला कंपाउंडच्या भिंतीचा पाया आडवा आला, मग "चारी बाजूंनी सारखंच असू दे" म्हणून सगळीकडून गेली. साइटवर ते कोणाला मोठं वाटलं नसणार. तळ पाणी धरतो, तो हातभर बाहेर कशाला, असंच वाटतं. नकाशावर कारण लिहिलेलं नव्हतं, आणि कारण न लिहिलेली रेघ साइटवर पहिली कापली जाते. तेव्हापासून मी माझ्या नकाशांवर अशा रेघेशेजारी चार शब्द लिहितो: "टाकी उठू नये म्हणून."

रात्री समोर असलेले पर्याय

नळाचा मुख्य कॉक बंद केला. पाण्याची लेव्हल नळी लावून चारही कोपरे मोजले. ईशान्येचा कोपरा १८ सेंटिमीटर वर, त्याच्या समोरचा ५. गवंडी नळी धरून उभा होता. दोन टोकांना पाणी एकाच पातळीला येतं यावर हा माणूस रोज विश्वास ठेवतो, त्यावर भिंती उभ्या करतो. आडातलं पाणी आणि टाकीखालचं पाणी यांचंही तसंच आहे, मधे नळीऐवजी माती आहे एवढंच. हे मी तेव्हा बोललो नाही. वेळ नव्हती.

पहिला पर्याय गवंड्यानं सुचवला. "तळाला भोक पाडा साहेब, खालचं पाणी आत येऊ द्या, बसंल आपोआप." तत्त्व शंभर टक्के बरोबर. आत-बाहेर पाणी एका पातळीला आलं की तळावरचा वरचा आणि खालचा दाब सारखा होतो, आणि टाकीचं वजन तिला खाली घेतं. पण त्यासाठी कलंडलेल्या टाकीत रात्री माणूस उतरवून तळ फोडायचा, खालून दोन मीटरच्या दाबानं चिखलपाणी उसळणार, आणि नंतर ते भोक पिण्याच्या टाकीत बुजवायचं. नको.

दुसरा पर्याय बाहेरचं पाणी कमी करण्याचा: आडात पंप टाकायचा, टाकीच्या कडेला खड्डा घेऊन उपसायचं. सेक्रेटरींना हा फार पटला, पंप हाताशीच होता. मी जोरात नाही म्हटलं. इमारतीचे कॉलम दोन मीटरवर, पायाचे फूटिंग फार खोल नाहीत. भिजलेल्या जमिनीतून घाईनं पाणी ओढलं की त्याबरोबर बारीक मातीही येते. टाकी वाचवायला जाऊन इमारतीखालची माती काढून घेण्यात शहाणपण नव्हतं.

तिसरा म्हणजे काहीच न करणं. जमिनीतलं पाणी उतरेल तशी टाकी बसेल. पण पाऊस अजून दोन महिने होता, आणि वर उठलेल्या टाकीखाली कडेचा सैल मुरूम आणि चिखल सरकत होता. जितका वेळ जाईल तितकी ती परत जागेवर बसणं अवघड.

चौथा: वरून पाणी भरायचं. तळाला भोक पाडून जे साधणार तेच, फक्त वरच्या बाजूनं. धोका एकच, खाली बसताना टाकी एखाद्या दगडावर टेकली तर तळ तडकणार.

काय केलं

चौथा पर्याय घेतला, पण घाई न करता. पाणी कुठलं, यावर थोडी वादावादी झाली. पुरानंतर टँकर मिळणं मुश्कील, आणि काकी म्हणाल्या, "परत घाणच भरणार का त्यात?" मी म्हटलं, "काकी, आत्ता आपल्याला पाणी नकोय, वजन हवंय. वजनाला घाण-स्वच्छ काही नसतं." शेजारच्या आडातलंच पाणी पंपानं टाकीत सोडलं. बाहेरून घेऊन आत टाकलं, त्यामुळं आडाची पातळीही किंचित उतरली, पण त्याचा उपयोग झाला असा दावा मी करणार नाही. आड सावकाश भरत होता आणि आम्ही ओढत होतो तेही सावकाश.

रात्री दोनपर्यंत ६० सेंटिमीटर भरलं आणि थांबलो. दर पंधरा मिनिटांनी लेव्हल नळी. वर गेलेला कोपरा १८ वरून ११ वर आला, समोरचा ३ वर. सकाळी हळूहळू १ मीटर २० सेंटिमीटरपर्यंत नेलं. कोपरा ७ वर आला आणि तिथंच अडकला. खाली चिखल शिरलेला होता, तो दाबून बाहेर जाईना. आणखी पाणी भरून रेटावं असं गवंड्याचं म्हणणं होतं. मी थांबवलं. सात सेंटिमीटर तिरकी पण अखंड टाकी मला सरळ पण तडकलेल्या टाकीपेक्षा बरी वाटली. ती तशीच भरलेली ठेवली, झाकणाला कुलूप लावलं, आणि पुढचे अडीच महिने आठ घरांनी अंगणात ठेवलेल्या प्लास्टिकच्या दोन टाक्यांवर काढले. गणपतीत पाहुणे आले तेव्हा त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं.

नोव्हेंबरात आडातलं पाणी टाकीच्या तळाच्या खाली गेल्याची खात्री केली आणि मग टाकी उपसली. भिंती शाबूत होत्या. रिकाम्या टाकीवर बाहेरचं पाणी आत ढकलत होतं, भिंतीच्या दर मीटर लांबीला दोन टनांहून थोडं जास्त, पण भिंतींची सळई तेवढ्यासाठी घातलेली होती. नकाशातला तो भाग कोणी कापला नव्हता. तळाला सहा ठिकाणी छिद्रं पाडून खालच्या पोकळीत सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ घोळ, सोडलं. आत तळावर सरासरी २० सेंटिमीटर काँक्रीट ओतून तिरकेपणा भरून काढला आणि वरून वॉटरप्रूफिंग केलं.

त्या काँक्रीटनं वजनही ४.८ टनांनी वाढलं, पण ते पुरेसं नव्हतं. एकूण २५.५ टन. पाणी जमिनीपर्यंत आलं तर उचलणारं बल २८.३ टन. फक्त वजन वाढवून भागवायचं तर पाव टाकीहून जास्त काँक्रीटनं भरावी लागली असती. बाहेरून खणून पट्टी नव्यानं घालायला कंपाउंड आणि कॉलम आडवे. फोडून नवी बांधायची तर खर्च सोसायटीला झेपणारा नव्हता.

म्हणून अर्धं काम काँक्रीटवर आणि अर्धं पाण्यावर सोपवलं. नव्या तळापासून ९० सेंटिमीटरवर, म्हणजे तीन फुटांवर, आतल्या भिंतीवर लाल रेघ. त्या रेघेपर्यंत पाणी असलं की आणखी नऊ टन, एकूण ३४.५, म्हणजे १.२ पटीच्या थोडं वर. पावसाळ्यात पाणी रेघेखाली जाऊ द्यायचं नाही. सूचना फळ्यावर लिहून कोण पाळतं, म्हणून मोटरचा फूटव्हॉल्व्हच, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपचं खालचं तोंड, त्या रेघेवर उचलून घेतला. मोटर कितीही चालवा, तीन फूट पाणी खालीच राहणार.

यावर सभेत जोरदार भांडण झालं. अठरा हजार लिटर मावणाऱ्या टाकीतलं निम्मंच पाणी वापरायला मिळणार, मग एवढी मोठी टाकी कशाला? प्रश्न रास्त होता. शेवटी असं ठरलं की १ जून ते दिवाळी फूटव्हॉल्व्ह वर, बाकीचे महिने खाली. टाकी धुण्याचं काम एप्रिल-मे मध्येच, आडात वाकून बघितल्यावर.

दुसरी गोष्ट स्वस्तातली. टाकीच्या कडेला भरावात अडीच मीटर खोल चार इंची पीव्हीसी पाइप उभा केला, खालच्या भागाला छिद्रं, भोवती जाळी आणि खडी. आत थर्माकोलचा गोळा बसवलेली काठी, काठीवर फूट-इंचाच्या खुणा. काठी जितकी वर, तितकं जमिनीतलं पाणी वर. सोसायटीतली पोरं त्याला "आपला राजाराम बंधारा" म्हणतात.

काय झालं

टाकी गळत नाही. पहिल्या उन्हाळ्यात ग्राउटनंतर कोपरे पुन्हा मोजले, फरक नव्हता. मोटरचा पाइप पूर्वी स्लॅबमध्ये घट्ट बसवलेला होता, तिथं आता लवचीक जोड आहे.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेनं पुन्हा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. त्यावेळी पाणी या वसाहतीच्या कोपऱ्यावर येऊन थांबलं, अंगण कोरडं राहिलं. लोक निर्धास्त होते. पाइपमधली काठी मात्र सांगत होती की पाणी जमिनीपासून चौदा इंचांवर आलंय. अंगणात धूळ आणि टाकीखाली दोन मीटर पाण्याचा दाब. नदी परत पात्रात गेल्यानंतर नऊ दिवसांनी काठी पहिल्यांदा फूटभर उतरली. हा नऊ दिवसांचा आकडा या एका अंगणाचा आहे, याच जमिनीचा. रेताड जमिनीत वेगळा येईल.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापुरात पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं. सात दरवाजे, पाण्याची पातळी वाढली की पाण्याच्याच जोरानं उघडणारे, माणूस नाही की मोटर नाही. त्याचं आपल्याला कौतुक आहे आणि असायला हवं. तोच जोर अंगणातल्या फरशीखाली काम करतो तेव्हा मात्र "काँक्रीट कधी तरंगतं का" असं आपण विचारतो. मीही त्यात आलो, पदवी असून.

वेगळं काय करता आलं असतं

फोनवर मी दोनच प्रश्न विचारायला हवे होते: शेजारी विहीर किंवा आड आहे का, आणि त्यात पाणी कुठं आहे? आता पुरानंतर टाकी उपसण्याबद्दल कोणी विचारलं की मी आधी हे विचारतो. उत्तर मिळालं नाही तर अर्धी टाकी उपसा, ब्लीचिंग टाका, अर्धं पाणी नवं घाला, पुन्हा अर्धं उपसा, असं सांगतो. चार-पाच वेळा केलं की गढूळपणा बराच जातो. पाणी आणि वेळ जास्त जातो हे खरं, आणि तेवढ्यावर ते पिण्याजोगं होत नाही, वापरापुरतं होतं. पिण्याचं पाणी तोवर बाहेरून आणायचं. काकींना हे तेव्हा पटलं असतं का? बहुतेक नाही. नातवाला महिनाभर उशीर झाला असता. प्रत्यक्षात साडेतीन महिने झाला.

रात्री पाणी भरताना ६० सेंटिमीटरवर इतका वेळ थांबायला नको होतं, असं आता वाटतं. चिखल सरकायला तेवढे तास मिळाले. दोन टप्प्यांऐवजी एकाच सलग, पण धीम्या भरणीनं कोपरा कदाचित आणखी खाली आला असता. याउलट, आडाचा उपसा न करण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन.

फूटव्हॉल्व्हची योजना कागदावर चांगली आणि व्यवहारात कटकटीची निघाली. तो खाली-वर करायला प्लंबर बोलवावा लागतो. २०२३ मध्ये १ जूनची तारीख सगळे विसरले. सुदैवानं त्या वर्षी जून कोरडाच गेला, आणि महिना संपताना वॉचमनच्या पोरानं काठी वर सरकलेली बघून आईला सांगितलं. आता सभेत नवा प्रस्ताव आहे की दोन फूटव्हॉल्व्ह कायमचे बसवावेत, एक वर आणि एक खाली, मधे कॉक, आणि पावसाळ्यात खालच्या कॉकला कुलूप. किल्ली कोणाकडं ठेवायची यावर गाडं अडलंय.